अ‍ॅम्प्लिफायरची धग

आई लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती धरायची. नाचणाऱ्यांचं मन भरेपर्यंत बत्तीवाल्या बायांनी जागचं हलायचं नाही, असा रिवाज. त्या धगीनं तिच्या टाळूवरचे केस गेले, ते पुन्हा आलेच नाहीत. त्याच कमाईवर मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, हे मी ताठ मानेनं सांगतो.

परवा गिटारसाठी वाल्वचा अ‍ॅम्प्लिफायर आणला. तो लगेच बोलत नाही. आधी आतल्या काचेच्या नळ्या तांबूस होतात, तापतात, मग तार छेडली की भरदार सूर येतो, कडेला जरासा जळलेला. सुराला धग लागतेच, असं काहीतरी मी कौतुकानं म्हणत होतो.

आई त्या नळ्यांकडे पाहत होती. तिचे हात नकळत पदराची चुंबळ वळायला लागले.

"किती येळ धरायचं रं हे?"

"धरायचं नाही आई. हे जमिनीवरच असतं."

"मग बरंय," ती म्हणाली. पण हात टाळूवर गेलाच.

माझं कौतुक तिथंच विरलं. मी तिला खुर्ची दिली आणि वाजवायला लागलो.

एक अख्खं गाणं आईनं बसून ऐकलं.