उष्टी चीज

कॉर्नेट, म्हणजे बँडातला छोटा कर्णा, ओठांना लावण्याआधी मास्तर डाव्या हाताने कानाची पाळी धरत आणि पुटपुटत, "ही जागा साहेबाची." चार ओळी वाजवून थांबत. पुन्हा कानाला हात. "ही नर्मदेकाठच्या एका सनईवाल्याची." मग पुढे वाजवायला लागत. गुरूचं नाव घेताना गवई कानाला हात लावतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. पण बँडवाल्याने तसं केलेलं आमच्या बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचा कान दुखतोय. आमच्या ढोलवाल्याने तर त्यांना कानात कोमट तेल घालायचा सल्लाही दिला.

संस्थानं विलीन होत होती ती वर्षं. एका लहानशा संस्थानाच्या बँडात, गोऱ्या साहेबाच्या हाताखाली शिकत-वाजवत, मास्तरांची उमर गेली होती. राजवाड्यावरचा झेंडा बदलला आणि बँडाला घरी जायला सांगण्यात आलं. बाजे सरकारजमा झाले. कॉर्नेट त्यांचं स्वतःचं होतं म्हणून तेवढं वाचलं. ते बगलेत धरून मास्तर बऱ्हाणपूरला उतरले आणि आमच्या बँडाचे मालक ओंकारशेठ यांच्यासमोर उभे राहिले. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. दिवसा कापसाच्या जिनात काम करायचो आणि संध्याकाळी बँडात क्लॅरिनेट वाजवायचो.

तालमीत कुणी काही नवीन वाजवलं की मास्तर मान डोलवत आणि विचारत, "छान. कुणाचं?"

"माझंच की, मास्तर."

"असं कसं, भैया? आईच्या पोटातून वाजवत आलास काय?"

मग गडी डोकं खाजवत आठवायचा आणि शेवटी कबूल करायचा, की अमक्या लग्नात तमक्या बँडाचं ऐकलं होतं. "हां," मास्तर खूश व्हायचे, "आता वाजव. आता ते नीट वाजेल." हे ऐकून आम्ही आपसांत हसायचो. पण खरं सांगतो, ते नीट वाजायचं.

माझा नातू रॉक का काय म्हणतात ते ऐकतो. कानठळ्या बसतात. तो मला समजावतो, की या गिटारवाल्याने अमुक जागा त्या बँडाची घेतली, त्या बँडाने ती अमेरिकेतल्या जुन्या काळ्या गवयांकडून घेतली, आणि आता आणखी तिसरेच तिच्यावर पोट भरतायत. "आजोबा, तुम्हाला हे नाही कळायचं," म्हणतो. गाढवा, मला नाही कळायचं तर कुणाला कळायचं?

मास्तरांची एक चीज होती. सुरुवात साहेबाच्या कूच करण्याच्या धुनेची, मधली जागा त्या सनईवाल्याची आणि शेवट त्यांचा स्वतःचा. ऐकताना कुठे जोड दिसायचा नाही. ती चीज ओंकारशेठनी बहादरपूरच्या एका मोठ्या लग्नासाठी राखून ठेवली. केळीवाल्या घरचं लग्न होतं. वरपक्षाकडून आम्ही आणि वधूपक्षाकडून बहादरपूरचा बँड.

आमच्याकडची रीत सांगायला हवी. वऱ्हाड वेशीवर आलं की दोन्ही बँड समोरासमोर उभे राहायचे आणि आळीपाळीने वाजवायचे. एका बाजूने वाजवलेली चीज दुसऱ्या बाजूने वाजवायची नाही. वाजवली तर ती उष्टी, आणि उष्टं खाणारा बँड हरला. मग वऱ्हाडी टाळ्या पिटत, शिट्ट्या मारत. पुढच्या हंगामातल्या निम्म्या लग्नांत कोण वाजवणार, ते त्या वेशीवरच ठरायचं.

ओंकारशेठनी तालमीत सगळ्यांसमोर सांगितलं, "मास्तर, बहादरपूर मारलं तर तुम्ही कायमचे आपले. नाही तर अखजीनंतर दुसरं ठिकाण पाहा. मी काय राजा नाही." अखजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. मास्तरांना दुसरं ठिकाण नव्हतं. बँड उठवलेली संस्थानं आजूबाजूला पुष्कळ होती आणि कॉर्नेट घेऊन हिंडणारे म्हातारेही पुष्कळ.

आता माझं सांगतो. लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी एका लग्नाची सुपारी वाजवून परतताना मी चांदनी स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. बहादरपूरचा क्लॅरिनेटवाला रघुनाथ तिथेच बसला होता. गाडी काही येईना. तो म्हणाला, "तुमचे ते मास्तर लई मोठे हायेत म्हने. काय वाजवतात असं?" झालं! मला फुशारकी आवरली नाही. मी क्लॅरिनेट काढलं आणि ती चीज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. तो म्हणाला, "एक बार और." मी पुन्हा वाजवली. त्याच्या तोंडावरचं कौतुक बघून मला मूठभर मांस चढलं. गाडीत बसल्यावर वेशीवरची रीत आठवली, पण मी स्वतःला सांगितलं, दोनदा ऐकून कुणाला येतं?

त्याला आली.

उन्हं उतरत होती. वेशीवर गर्दी मावत नव्हती. चार फेऱ्या बरोबरीत सुटल्या. ओंकारशेठनी मास्तरांना खूण केली, की पुढच्या फेरीत आपली चीज काढा. त्याआधीची पाळी बहादरपूरची होती. रघुनाथ एक पाऊल पुढे आला आणि साहेबाची कूच सुरू झाली.

आमची रांग एकदम ताठ झाली. रघुनाथ मधल्या जागेपाशी आला. तिथे एक लांबलचक मींड आहे, म्हणजे सूर न तोडता घसरत नेणं, ती एका दमात घ्यायची. जिनातल्या रुईने माझी छाती भरलेली असायची. मला ती पुरी व्हायची नाही, म्हणून मी मध्येच अर्धा श्वास चोरायचो. मास्तरांनी तालमीत मला तिथे वीस वेळा अडवलं होतं. रघुनाथ माणूस बैलासारखा, त्याला दम कमी पडायचं कारण नव्हतं. पण त्यानेही बरोबर तिथेच अर्धा श्वास घेतला.

चीज संपली. बहादरपूरवाल्यांनी टोप्या उडवल्या. ओंकारशेठ आमच्या रांगेसमोर येऊन उभे राहिले. दातओठ खात, हळू आवाजात म्हणाले, "कोनी दिली त्यायले? कोन गद्दार है? नाव सांगा मले." ते एकेकाच्या डोळ्यांत बघत येत होते. ढोलवाला, झांजवाला, मग माझ्या शेजारचा. आणखी एक पाऊल आणि ते माझ्यासमोर येणार होते.

तेवढ्यात मास्तर रांगेतून पुढे गेले. त्यांनी गर्दीसमोर कानाची पाळी धरली. बहादरपूरवाल्यांना वाटलं, म्हातारा रघुनाथला मानतोय. त्यांनी हेल काढून "वाहवा" केली. पण मास्तर मान वळवून आमच्या रांगेकडे बघत होते. मग त्यांनी कॉर्नेट ओठांना लावलं आणि तीच उष्टी चीज वाजवायला घेतली.

ओंकारशेठ ओरडले, "मास्तर! ये क्या कर रहे हो?" त्यांचा आवाज शिट्ट्यांत बुडाला. मास्तर वाजवत राहिले. मींड आली. ती एका दमात घेणारा त्यांच्यासारखा माणूस मी आजवर ऐकलेला नाही. पण त्यांनी मध्ये अर्धा श्वास घेतला, अगदी माझ्यासारखा. त्या अर्ध्या श्वासानंतर पुढचे सूर असे काही उमटले की शिट्ट्या वाजवणारे गप्प झाले. रघुनाथने स्वतःचं क्लॅरिनेट खाली केलं.

पण रीत ती रीत. आम्ही हरलो.

ओंकारशेठनी तिथेच विचारलं, "चीज बाहेर कशी गेली?" मास्तर शांतपणे म्हणाले, "मीच वाजवत बसलो होतो कुठंतरी. ऐकली असेल कुणी." मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी पुढे न येता क्लॅरिनेट पुसत राहिलो. याची लाज मला आजही वाटते, आणि ती कमी झालेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिनात दांडी मारून स्टेशनवर गेलो. मास्तर बाकावर बसले होते, शेजारी एक वळकटी आणि कॉर्नेट. मी समोर उभा राहून म्हणालो, "मास्तर, ती चीज मी..."

"माहीत आहे. बस." त्यांनी वळकटी सरकवली. "रघुनाथला तिथं श्वास लागत नाही. तरी घेतला. म्हणजे ज्याची ऐकली त्याचा घेतला."

"मी शेठना सांगतो. आत्ता जाऊन सांगतो."

"सांगून काय होईल, भैया? मला परत घेणार नाहीत. मी काल सगळ्या वेशीसमोर उष्टं वाजवलंय. वर तुलाही काढतील. मग वाजवेल कोण?"

"पण तुम्ही ती वाजवलीत कशाला? दुसरं काहीही वाजवता आलं असतं!"

एखादी चोरी कबूल करावी तसे ते हळूच म्हणाले, "अरे, तिथं थांबलं की पुढचं उठून दिसतं. इतकी वर्षं मला सुचलं नाही. रघुनाथच्या तोंडून ऐकलं आणि राहवेना. आणि तो शेठ तुझ्यासमोर येऊन ठेपला होता."

मला रडू आलं. त्यांना ते आवडलं नसावं, कारण ते चिडून म्हणाले, "रडतोस काय? मी तुला उगीच वीस वेळा अडवलं, ती चूक माझी. आता तिथं श्वास घेतच जा." गाडी आली. डब्यात चढताना त्यांनी विचारलं, "सुपडू, तुझं आडनाव काय रे?" मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. गाडी हलली.

पुढे मी कितीतरी बँडवाल्यांकडे त्यांची चौकशी केली. कुणी म्हणालं खांडव्याला आहेत, कुणी म्हणालं गेले. खरं काय ते कधीच कळलं नाही.

त्याच संध्याकाळी तालीम होती. पुढच्या रांगेत, मास्तर उभे राहायचे तिथे, मोकळं होतं. सगळे खाली बघत होते. मी रस्ताभर घोकत आलो होतो, की आज शेठना सांगायचंच. ओंकारशेठ आले, त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "सुपडू, ती चीज तुले पुरी येते ना? मग पुढं ये. आजपासून तू तिथं."

मी पुढे जाऊन उभा राहिलो.