पिवळ्याचे पालक

आमच्या बिल्डिंगमधल्या रिजेक्ट काकांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्या फटक्यात पसंत केली नाही. अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं ते तयार माल तपासायचे आणि नापास मालावर लाल शिक्का मारायचे. रिटायर झाल्यावर शिक्का कारखान्यात राहिला, सवय घरी आली. सोसायटीच्या गणपतीचा मांडव डावीकडे कलतोय, माझी पुरणपोळी कडेला जाड आणि मध्ये पातळ आहे, असं सगळं ते तोंडावर सांगत. काकू म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हा म्हणाले, पोह्यात मीठ जास्त झालंय. मी म्हटलं, मग दुसरीकडे खा. तिथंच फसले."

त्यांनी नापास केलेला सर्वांत मोठा माल म्हणजे सख्खा जावई. मुलीनं, प्राजक्तानं, स्वतःच ठरवलेलं लग्न. निखिलला नोकरी चांगली, व्यसन नाही. पण घरात खाऱ्या पाण्याचा पाच फुटी टँक आणि त्यात समुद्रातले मासे. काकांचा निकाल एका वाक्यात लागला, "जो माणूस कसारा घाट चढवून समुद्र घरात आणतो, त्याचं डोकं ठिकाणावर नाही." लग्नाला गेले, जेवले, मठ्ठ्यात आलं कमी आहे हे आचाऱ्याला सांगितलं आणि जावयाशी चकार शब्द न बोलता परत आले. पुढची तीन वर्षं तसंच.

मग प्राजक्ता आणि निखिल कॅनडाला निघाले. टँक कोणी घेईना. प्राजक्ता आईकडे रडली, काकूंनी परस्पर होकार दिला आणि एका रविवारी काका भाजी घेऊन घरी येतात तो हॉलमधला शोकेस गायब आणि त्याच्या जागी समुद्र. आत दोन-तीन किरकोळ मासे आणि एक पिवळाधमक, तळहाताएवढा, तोंड पुढे काढून दिवसभर काच खरवडणारा. शेजारी प्राजक्ताच्या अक्षरात चार पानी सूचना. पहिलीच ओळ, 'पिवळा पालेभाजी खातो.'

"मासा आणि शाकाहारी?" काका मला म्हणाले. "बाई, जावयानं मासाही बिघडलेला निवडलाय!" मी शाळेत शिकवते, म्हणून मी त्यांची 'बाई'.

पण काम अंगावर पडलं की ते चोख करायचं, हा त्यांचा आजार होता. दुसऱ्या दिवसापासून ते कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या सायखेड्याच्या मावशींकडे पालकाचं एकेक पान उजेडाकडे धरून तपासू लागले. मावशी वैतागल्या. "काका, भाजी घ्यायची हाय का पोरगी बघायची हाय?"

"फवारणी कधी केली होती?"

"केलीच नाय. घरच्या वाफ्यातला हाय."

"माशाला द्यायचाय. औषध असलं तर मरेल तो."

मावशी तराजू खाली ठेवून म्हणाल्या, "इतकी वर्सं मानसं खातात, लय जनांनी नेला. येकानं नाय इचारलं." त्या दिवसापासून त्या काकांसाठी वेगळी जुडी बाजूला ठेवू लागल्या.

घरी पालक तीनदा धुवायचा, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून मऊ करायचा, गार करायचा आणि काचेला लावलेल्या चिमट्यात अडकवायचा. संध्याकाळी उरलेलं वेचून काढायचं, नाहीतर पाणी नासतं. कधी काकडी, कधी झुकिनी. काकू दारात उभ्या राहून मला ऐकवत, "चाळीस वर्षांत यांनी मला मेथीची एक काडी निवडून दिली नाही. आता बघ, माशाच्या पंगतीत वाढपी झालेत."

चार-पाच महिन्यांनी पिवळ्याच्या डोक्यावर बारीक खळगे दिसू लागले. मग डोळ्याच्या मागे पांढुरकी रेघ. रंग उतरला. काकांनी भिंग आणलं, खळगे मोजले, वहीत चित्र काढलं. द्वारका चौकाजवळच्या माशांच्या दुकानदारानं सांगितलं, "गोड्या पाण्यातला असता तर बोललो असतो." रिजेक्ट काका पहिल्यांदाच मला घाबरलेले दिसले. "बाई, मी सगळं नीट केलंय हो," ते म्हणाले. "काय चुकलं ते कळत नाही."

"ज्याला कळतं त्याला विचारा," काकू आतून म्हणाल्या.

दोन दिवस त्यांनी मान ताठ ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलं. व्हिडिओ कॉल लावायचा होता, प्राजक्ताला नाही. निखिलनं फोन उचलला आणि सासऱ्यांचा चेहरा बघून तो उभाच राहिला. काकांनी नमस्कार-चमत्कार न करता वही कॅमेऱ्यासमोर धरली. निखिलनं ती नीट पाहिली.

"पप्पा, चित्र फार अचूक काढलंय तुम्ही," तो म्हणाला. "तुमची चूक नाही. मीच सांगायला विसरलो. नुसता पालक त्याला पुरत नाही. त्याला समुद्रातलं शेवाळ लागतं. वाळवलेले कागदासारखे पापुद्रे मिळतात, ते द्या. फक्त मीठ, तेल, मसाला काही नको."

'मीच विसरलो' हे वाक्य काकांना ऐकायची सवय नव्हती. कारखान्यात तीस वर्षं कोणीही ते म्हटलं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यांनी वहीत 'शेवाळ' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मग म्हणाले, "चूक कबूल करतो म्हणजे..." आणि वाक्य अर्धवट सोडून पिशवी शोधायला गेले.

ऑनलाइन मागवलेलं शेवाळाचं पहिलं पाकीट आलं. काकांनी आधी स्वतः चाखलं. तिखट! "हा काय माशाला चखणा पाठवलाय?" म्हणत परत धाडलं. दुसरं साधं आलं. काकूंनीही कोपरा मोडून खाल्ला आणि म्हणाल्या, "गोदेच्या घाटावरची पायरी चाटल्यासारखं लागतं." पिवळ्याचं मत तसंच असावं, कारण त्यानं तीन दिवस त्या कागदाकडे पाठ फिरवली. काका खुर्ची टाकून समोर बसून राहिले. जेवणही तिथंच. चौथ्या दिवशी दुपारी माझ्या दाराची बेल वाजत राहिली, थांबेचना. काका धापा टाकत उभे. "खाल्लं! बाई, फाडून खाल्लं!" मी त्यांच्या घरात पोचले तोवर त्यांनी स्वतःच फोन लावला होता आणि ते कॅनडाच्या भल्या पहाटे ओरडत होते, "जावईबापू, उठा! खाल्लं त्यानं!"

खळगे भरायला काही महिने गेले. तोवर दोघं रोज बोलत. आधी शेवाळावर, मग पाण्याच्या खारेपणावर, मग निखिलच्या ऑफिसवर, त्याच्या बर्फात अडकलेल्या गाडीवर. प्राजक्ता तक्रार करायची, "मला फोनच मिळत नाही."

तिच्या बाळंतपणासाठी काका-काकू कॅनडाला निघाले, तेव्हा टँक माझ्याकडे आला. जाण्यापूर्वी काकांनी मला पालक उकळायला लावलं, आठ दिवस. निघताना माझ्या हातातलं पान उलटसुलट बघून म्हणाले, "चालेल." त्यांच्या तोंडून हा शब्द मी तेव्हा एकदाच ऐकला.

नात झाली. तिकडून रोज फोटो येत होते. आणि फेब्रुवारीतल्या एका सकाळी, मी चिमट्यात शेवाळ अडकवत असताना, निखिलचा कॉल आला. काका दुपारच्या झोपेतच गेले होते. काकूंना प्राजक्ता सांभाळत होती. निखिल स्वयंपाकघरात एकटा उभा होता.

"बाई, कॅमेरा टँककडे करता?" तो म्हणाला.

मी केला. पिवळा पापुद्र्याला झटके देऊन तुकडे तोडत होता. निखिल बघत राहिला.

"फोन तसाच राहू द्या थोडा वेळ."

मी फोन टँकच्या मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला आणि चहा टाकायला आत गेले. चहा झाला, गार झाला, शाळेची वेळ झाली. तो अजून बघतच होता.