मोरचुदाचा निळा डाग

दत्तू गेल्याचं त्याच्या मुलाने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "खोकं कुठाय?" म्हाताऱ्याला भ्रम झाला असं वाटलं असणार त्याला...

पन्नास सालानंतरची गोष्ट. डोंबिवलीत तेव्हा माणसांपेक्षा बेडूक जास्त, आणि साऱ्या बेडकांहून दत्तूचा आवाज मोठा. त्याचे वडील अण्णा पुस्तकं बांधायचे. त्यांनी बांधलेली वही हत्तीने ओढली तरी पान सुटत नसे. (हत्ती मी आणणार होतो, जमलं नाही.) गणेशोत्सवातल्या कीर्तनाला लाउडस्पीकर हवा होता. मी मुंबईहून किट आणलं. तयार स्पीकर, कापलेल्या फळ्या, चार स्क्रू पिळले की काम फत्ते. दत्तू म्हणाला, "हे जोडायचं रे. यात बनवायचं काय?" आणि दोन महिने खपला. चुंबक भंगारातलं, तार हाताने गुंडाळलेली, आवाजाचा पडदा अण्णांकडच्या जाड कागदाचा, खळीने चिकटवलेला. खोकं आईच्या तांदळाच्या पेटीचं. अण्णांनी बजावलं, "कीर्तन नीट ऐकू आलं तर रेडिओचं दुकान काढ. नाहीतर उद्यापासून माझ्या शेजारी सुई-दोरा घेऊन बसायचं. कायमचं!" मी मात्र गावभर सांगत सुटलो, आवाज टिटवाळ्याच्या गणपतीला ऐकू जाणार. माझी ही वटवट त्याच्या गळ्याशी आली, हे आज कबूल करतो.

कीर्तनाच्या दिवशी दुपारी जोडून पाहिलं, तर नुसतं फर्र... फर्र... मागची फळी काढली. खळीच्या मोहाने झुरळांनी पडद्याला बोटभर भोक पाडलेलं. बुवा तासाभरात यायचे होते. मी हळूच किटमधला स्पीकर पुढे केला. "घाल खोक्यात. कुणाला कळतंय?"

"मला."

"अरे, उद्या सुई हातात येईल!"

"येऊ दे."

मागे वळतो तो दारात अण्णा. त्यांनी भोक पाहिलं, सुकलेली खळ नखाने खरवडली, हुंगली.

"खळीत मोरचूद घातला नाहीस?"

दत्तूने मान खाली घातली.

"बाइंडरच्या पोरा, किडीला औषध नाही?" आत जाऊन त्यांनी निळसर खळ आणली. पुस्तकाच्या पाठीला लावतात ते जाळीचं कापड कापून भोकावर बसवलं. भाद्रपदातली दमट हवा, खळ वाळेना. आम्ही दोघं पंख्याने वारा घालतोय, मंडपात बुवांच्या चिपळ्या वाजल्या, कुणीतरी हाका मारतंय... दत्तू तारेला हात लावणार तोच अण्णा गरजले, "थांब! ओलं फाटतं." आणखी एक हाक. आणखी एक. मग बोट टेकवून ते म्हणाले, "हं. जोड आता."

बुवांचा शब्दन्‌शब्द शेवटच्या रांगेत स्वच्छ पोचला. टिटवाळ्याचं ठाऊक नाही, विचारायला गेलो नाही. सुई-दोऱ्याचं नाव अण्णांनी पुन्हा काढलं नाही. दुकान उघडलं त्या सकाळी मोरचुदाची पुडी तेवढी पाठवली.

परवा त्याच्या मुलाला भेटायला घरी गेलो. खोकं खिडकीखालीच होतं. मुलाने मागची फळी काढली... जाळीचं कापड, निळा डाग, आणि कड कुठे कुरतडलेली नाही. घरी येऊन मी माळ्यावरून माझं किट उतरवलं. चुंबक शाबूत, स्क्रूसुद्धा चारच्या चार. पडदा झुरळांनी केव्हाच संपवला होता.