वादळातल्या बोटी आणि माझी फायरवॉल

डहाणूजवळच्या आमच्या वरोर गावात सगळ्यांच्या फोनमध्ये एकाच कंपनीचं सिम असतं. जाहिरात बघून कोणी घेतलेलं नाही. दर्यात आत आत जाताना कुणाची रेंज सगळ्यात शेवटी जाते, हे तांडेल लोकांनी, म्हणजे बोटींच्या कप्तानांनी, बोटीवर उभं राहून बघितलेलं आहे. तेच सिम मग घरातल्या बायका घेतात, म्हातारे घेतात, आणि डहाणूच्या बाजारात मासळी विकायला बसणारी माझी आईही घेते. दुसऱ्या कंपनीने फुकट वाटलं तरी कोणी हात लावायचं नाही. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? मीही तेच सिम वापरते. पण त्या दुपारी नेमकं हेच माझ्या डोक्यात आलं नाही, आणि त्याचा राग मला अजून येतो.

मी डहाणूला स्टेशनजवळ एका खोलीत काम करते. खाली औषधांचं दुकान, वर आम्ही. आम्ही म्हणजे मी, तीन सर्व्हर आणि त्यांच्या पुढे ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर. त्या जुन्या कॉम्प्युटरवर फायरवॉल चालते. बाहेरून साइट उघडणारा प्रत्येक जण आधी तिच्यापाशी येतो. ती आपले नियम वाचते, कुणाला आत सोडायचं ते ठरवते, आणि सोडलेल्यांना तिन्ही सर्व्हरवर वाटून देते, म्हणजे एकावरच सगळा भार येत नाही. लग्नात पंगती बसवणारा माणूस असतो ना, तसंच. आईला हे असंच समजावलं होतं, तर ती म्हणाली, "मग कॉम्प्युटर बसवतोय पंगती, तर तुला पगार कशाचा देतात?" घ्या!

आमच्या मच्छीमारांची साइट याच खोलीतून चालते. प्रत्येक बोटीवर एक छोटी डबी बसवलेली आहे, आत तेच सिम. बोट कुठल्याही बंदरात किंवा खाडीत सुखरूप शिरली की तांडेलाने डबीवरचं बटण दाबायचं. मग साइटवर त्या बोटीच्या नावापुढे 'पोचली' असं येतं आणि गावातली माणसं श्वास सोडतात. डबी ठेवण्याचं कारण साधं आहे. तीन-चार दिवस पाण्यावर राहिल्यावर खलाशांचे फोन एकतर भिजलेले असतात नाहीतर मेलेले. डबी बोटीच्या बॅटरीवर चालते आणि निरोप पोचला नाही तर पुन्हा पुन्हा पाठवत राहते.

दिवाळी होऊन गेली होती. माझा धाकटा भाऊ तांडेल आहे. तो बोट घेऊन लांब गेला होता. वाऱ्याचा इशारा आला तेव्हा जवळच्या बोटी किनाऱ्याला लागल्या. लांबच्यांना परत फिरणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी गुजरातच्या खाड्यांकडे तोंड वळवलं. सकाळी आईचा फोन आला. "बाय, पोर कुठंय ते बघ गो." मी म्हटलं, "बघतेय, आई. पान समोरच उघडं आहे." भावाच्या बोटीच्या नावापुढे काहीच नव्हतं.

दुपारपर्यंत वारा डहाणूतही शिरला. खालच्या दुकानाचा पत्रा थाडथाड वाजायला लागला. जसजसं काही बोटींपुढे 'पोचली' येत होतं, तसतशी साइट बघणाऱ्यांची गर्दी वाढत होती. आणि मग दुसरा सर्व्हर गुदमरायला लागला. बाकीचे दोन जवळजवळ रिकामे, आणि हा एकटा बुडतोय! मी बघितलं तर एकाच पत्त्यावरून धबाधबा येत होतं. इंटरनेटवर प्रत्येकाला एक आकड्यांचा पत्ता असतो, त्यातला हा एकच. आमचा नियम असा होता की ज्याला एकदा ज्या सर्व्हरकडे पाठवलं त्याला पुढेही तिथेच पाठवायचं. त्यामुळे त्या एका पत्त्याचा सगळा मारा दुसऱ्यावरच पडत होता.

आमचे सर वापीला राहतात. त्या वेळी ते तलासरीजवळ हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकले होते. फोनवर त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बेन, हा हल्ला आहे. कोणीतरी मुद्दाम साइट पाडायला बघतंय. अडव त्याला." मलाही तसंच वाटलं. माझं तर डोकंच फिरलं. आमची माणसं पाण्यात जिवाशी खेळतायत आणि कुठला तरी मेला घरात बसून ही मस्ती करतोय! एका पत्त्यावरून मर्यादेपेक्षा जास्त मागणी आली की तो पत्ता पूर्ण बंद करायचा, असा नियम मी लिहिला आणि चालू केला. क्षणात सगळं शांत. दुसरा सर्व्हर सावरला. मी मोठ्याने म्हटलं, "बस आता बोंबलत."

मग मी पुन्हा बोटींच्या पानाकडे बघत बसले. कोणतीच नवी बोट लागेना. मला वाटलं, वारा वाढलाय, वेळ लागणारच. आणखी थोडा वेळ गेला. अजून काही नाही. इतक्या बोटी लांब होत्या आणि एकही पोचू नये? उठून खिडकी लावली, परत बसले, पान पुन्हा उघडलं. तेच.

तेवढ्यात आईचा फोन. मागे बायकांचा गलका चाललेला. "बाय, ते पान उघडत नाय. नुसतं फिरतंय, फिरतंय."

"तुझं नेट गेलं असेल, आई."

"अगो, कुणाचंच उघडत नाय! सगळ्या किनाऱ्यावर कुणाचंच नाय! सगळ्या बायका इथं माज्याकडं बघतायत, तुझी पोरगी तिकडं बसलीय म्हणून. मी काय सांगू त्यांना?"

मोबाइल कंपनी हजारो फोन एकाच पत्त्यामागे बसवते, हे मला माहीत असायला नको? माझ्या रोजच्या कामातलं ते आहे! तो हल्ला नव्हता. ते आमचं वरोर होतं. त्या एका पत्त्यामागे आई होती, शेजारणी होत्या, अख्खा किनारा आपापल्या माणसांसाठी पान पुन्हा पुन्हा उघडत होता. आणि डब्या? डब्यांतही तेच सिम! खाडीत शिरलेली एखादी बोट 'पोचली' म्हणून ओरडत असेल, तर तीही याच बंद दाराबाहेर उभी होती. अडवलेल्यांचा आकडा माझ्यासमोर वाढत होता, दर सेकंदाला वाढत होता.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "खोलू नको! सगळे एकदम घुसतील, तिन्ही सर्व्हर पडतील, मग ना गाव ना बोट. थोडं थांब, मी येतो."

"सर, माझा भाऊ बाहेर आहे," मी ओरडले. साहेबांवर ओरडायची माझी ती पहिली वेळ नव्हती, पण रडत ओरडायची पहिलीच.

ते हळू म्हणाले, "आधी फक्त डब्या आत घे. गाव नंतर."

बरोबर होतं ते. डब्यांचे निरोप वेगळ्या पोर्टवर, म्हणजे त्याच घराच्या वेगळ्या दारावर येतात. तिसरा सर्व्हर नुसता डब्यांसाठी राखायचा आणि त्या दाराला मर्यादा ठेवायची नाही, असा नियम मी लिहिला. दोनदा चुकलं. चालू करायच्या आधी माझा हात थांबला. खरं सांगते, मला खोलायचं नव्हतं. दार बंद होतं तोवर भाऊ दाराबाहेर उभा आहे असं म्हणता येत होतं. दार उघडलं आणि तो तिथे नसला तर? मग मी किनाऱ्यावर बसलेल्या आईला काय सांगणार होते?

नियम चालू केला.

काहीच आलं नाही.

मी पानाकडे बघत राहिले. पत्रा वाजत होता. एकही बोट नाही. दार उघडं, आणि बाहेर कोणीच नाही. गेला, मला वाटलं. माझा भाऊ गेला. तो लहान असताना त्याला पोहायला मी शिकवलं होतं, पाठीवर घेऊन, आणि आता आईला फोन करून ते सांगायचं कामही माझंच होतं. फोन हातात घेतला. नंबर लावायची हिंमत होईना.

मग नजर अडवलेल्यांच्या आकड्यावर गेली. तो अजून वाढत होता. अरे, दार उघडलंय तर हे अडतायत कुठे? नियम पुन्हा वरून खाली वाचले. मी गधडीने नवा नियम खाली लिहिला होता. फायरवॉल वरून वाचत येते, आणि तो अडवण्याचा नियम असा होता की तो लागू पडला की पुढचं ती वाचतच नाही. म्हणजे मी दार उघडलंच नव्हतं. नवा नियम उचलून वर ठेवला आणि पुन्हा चालू केलं.

आणि आल्या! एक, मग दुसरी, मग भराभर, नावांपुढे 'पोचली', 'पोचली'. डोळ्यांतल्या पाण्याने मला नावंच वाचता येईनात. ओढणीने डोळे पुसले आणि बोट स्क्रीनवर ठेवून एकेक ओळ वाचत खाली आले. भावाची बोट होती. पोचली. मी आईला फोन केला आणि नुसतं "आई, आला" एवढंच म्हणू शकले. पलीकडून ती जी किंचाळली, ते सगळ्या वरोरने ऐकलं असणार. मागून बायका ओरडायला लागल्या, "माझा बघ गो, माझा बघ!" मी फोन स्पीकरवर ठेवून एकेका बोटीचं नाव मोठ्याने वाचत गेले. मग एका सर्व्हरकडे चिकटून राहायचा जुना नियम काढला, बाकीचे दोन सर्व्हर पाळीपाळीने चालवले, आणि गावाला आत घेतलं. सर्व्हर हलले, पण पडले नाहीत. त्या दिवशी आमच्या सगळ्या बोटी लागल्या.

वारा पडल्यावर भाऊ घरी आला. आईने ताज्या बोंबलाचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. आम्ही तिघं जेवायला बसलो. तो गोष्ट सांगायच्या रंगात आला होता.

"खाडीत शिरलो, बटण दाबलं, तर डबीवरचा दिवा हिरवा होईना. हिरवा झाला म्हणजे घरी कळलं असं असतं ना? किती वेळ दाबलं, लालच. पोरं रडकुंडीला आली, घरचे आपल्याला मेलेलं समजत असतील म्हणून. मी म्हटलं, रडताय काय? तिकडे माझी बहीण बसलीय. दिवा गेला खड्ड्यात, तिला कळल्याशिवाय राहतंय होय? मग गप झोपली सगळी."

माझा घास हातातच राहिला. आई माझ्याकडे बघायला लागली. मी हुंदके देऊन रडायला लागले, आणि त्याला कळेचना काय झालं ते. उष्ट्या हाताने तो माझा खांदा हलवत होता. "अगं ताई, आलोय ना मी? बघ तरी इकडे."

मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.