बाळकुमच्या बोटीचं जतन

बाळकुमच्या खाडीत दुसऱ्या महायुद्धातली एक लोखंडी बोट चिखलात रुतून गंजत पडलेली होती. युद्धाचं सामान वाहायची म्हणे. तिच्या पोटात चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, राहायच्या आणि त्या पकडून माझे बाबा बाजारात विकायचे. गावात तिचं कौतुक कुणालाच नव्हतं. नारळी पौर्णिमेला तिच्यावर चार फुलं पडायची, तेवढंच.

मग आमच्याच विकलेल्या शेतावर टॉवर उभे राहिले आणि तिथल्या निवृत्त साहेबांना बाल्कनीतून वारसा दिसला. लगेच समिती झाली. समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, मग टी-शर्ट छापले. टी-शर्टावरची बोट शिडाची होती.

बाबा त्यांच्या बैठकीला गेले. मला राग यावा इतक्या नम्रपणे म्हणाले, "साहेब, ती चिखलान बरी हाय. बाहेर काढू नका. चिंबोऱ्या ऱ्हातान तिच्यान."

"काका, आपण जरा व्यापक विचार करायला हवा," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी बाबांना कागदी कपात अर्धा चहा दिला. तो चहा मला अजून झोंबतो.

क्रेन आली. बोट बाहेर निघाली, तिच्यावर चंदेरी रंग चढला आणि नाक्यावरच्या बागेत कारंज्याशेजारी तिची साग्रसंगीत स्थापना झाली. शुभकार्य म्हटलं की नारळ आलाच. दगड काही सापडेना, तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी तो बोटीवरच आपटला, चांगला जोर लावून. नारळ शाबूत राहिला, बोटीला भोक पडलं. टाळ्या मात्र थांबल्या नाहीत.

भोकावर शुभेच्छांचा फ्लेक्स लागला. पावसाळ्यात फ्लेक्ससकट ती बाजू कोसळली. कुणाला तरी इजा होईल म्हणून उरलेली बोट भंगारवाल्याला देऊन टाकली. बाबा ते बघायला गेले नाहीत, दिवसभर जेवलेही नाहीत.

समिती खचली नाही. परवा अध्यक्ष स्वतः आमच्या घरी आले. "काका, अशी आणखी एखादी बोट आहे का हो खाडीत? तुम्हाला नक्की ठाऊक असणार."

आहे. पार आत, तिवरांच्या झाडीमागे, ओहोटीला तिची पाठ दिसते. हल्ली बाबा तिथेच जातात. त्या क्षणी आत गॅसवर तिच्यातल्याच चिंबोऱ्यांचा रस्सा उकळत होता.

बाबांना खोटं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"नाय साहेब," ते म्हणाले. "तेवढी एकच व्हती."