बडीशेपेची बशी

आमच्या नेहमीच्या हॉटेलातले म्हातारे वेटर अण्णा बिल आणतात ते बडीशेपेच्या बशीतून. बशी टेबलावर ठेवली की ते पाठ फिरवतात आणि शेजारचं, आधीच लख्ख असलेलं टेबल पुसत राहतात. टीप ठेवावी की न ठेवावी, गिऱ्हाईकाला संकोच नको, म्हणून ती पाठ.

काल मी फोनवरून बिल भरलं. पैसे थेट मालकाच्या खात्यात गेले. बशीत ठेवायला खिशात काहीच नव्हतं.

"पगार देणं मालकाचं काम. आपण टीप देतो म्हणून त्याचं फावतं," बायको हळूच म्हणाली. खरंच होतं ते. माणसाला दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवणारी रीत चांगली कशी म्हणायची? पण मालकाला जाग येईपर्यंत या माणसानं काय करायचं? समोर ती वाकलेली पाठ होती, खांद्यापाशी शिवण उसवलेली. फडकं त्याच जागी गोल गोल फिरत होतं.

शेवटी अण्णा वळले. त्यांनी बशीकडे पाहिलं. मी काही बोलणार, तोच बशी माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "बडीशेप तशीच राहिली की, साहेब. घ्या ना."