कोकमाने खाल्लेली फॉइल

कोकमं भिजत घातली की त्या आंबट वासाबरोबर मला घोडपदेवच्या आमच्या खोलीतली एक सकाळ आठवते. बाबा परळच्या हॉस्पिटलात होते, आठवडाभर त्यांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं, आणि आदल्या दिवशी पहिल्यांदाच म्हणाले होते, बांगड्याचं तिखलं खाईन. डॉक्टरही हो म्हणाले. मी संध्याकाळीच तिरफळं ठेचून, कोकम जरा जास्तच घालून तिखलं केलं, काठोकाठ भरलेल्या स्टीलच्या टोपावर ॲल्युमिनियम फॉइल दाबून बसवली आणि टोप फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी बघते तर फॉइलची चाळण झालेली आणि रश्शावर करडे ठिपके. आजारी माणसाला हे कसं द्यायचं? तशीच रोल घेऊन दुकानदाराशी भांडायला निघाले, तर जिन्यात शेजारच्या बाई भेटल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. "अगं, फॉइल चांगलीच आहे," त्या म्हणाल्या. "खाली स्टील, वर ॲल्युमिनियम, मध्ये मीठ आणि कोकम. फॉइल रश्शाला टेकली की झाली बॅटरी! रात्रभर ॲल्युमिनियम विरघळत होतं. वर ताटली ठेवायचीस ना!" आता भांडायलाही कोणी उरलं नाही. तिखलं ओतून दिलं, रागारागात पेज केली आणि हॉस्पिटलात बाबांना सगळं सांगितलं. "मगे हाडूचा होता गो," तिखलं आणायचंच होतंस अशा सुरात ते म्हणाले, "जरा चार्ज झालो असतो!" आणि खोकला येईपर्यंत हसले. पुढे ते बरे होऊन घरी आले, पोटभर तिखलंही जेवले. पण त्या दिवशी मी इतकी चिडले होते की त्यांच्याबरोबर हसले नाही, पेजेचा डबा आपटून बाहेर जाऊन उभी राहिले, याची चुटपुट अजून आहे.